ठेका धरला की पाखरं बसतात

रजेच्या अर्जात यंदाही मी 'घरगुती काम' एवढंच लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुमच्या घरचं काम दरवर्षी संक्रांतीच्या आगेमागेच कसं काय निघतं? मी हसून वेळ मारून नेली. ज्वारीत बसून ड्रम वाजवायचा आहे, असं खरं कारण लिहिलं असतं तर पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे का, अशी चर्चा स्टाफरूममध्ये सुरू झाली असती. सही झाली. मानवतच्या स्टँडवर परभणीची एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. काच सरकवली तसा गार वारा आत आला.

खिडकीबाहेर मी या दिवसांत एकच गोष्ट शोधत असते. ज्वारी. कापसाच्या पऱ्हाट्या दिसतात, हरभरा दिसतो, मधूनच ऊस दिसतो. ज्वारीचा तुकडा मात्र कुठं तरी एखादाच. मी लहान होते तेव्हा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूस आत शिरला तर दिसू नये इतकी उंच ज्वारी असायची. ज्वारी कमी झाली, पण ज्वारी खाणारी पाखरं काही तेवढी कमी झाली नाहीत. सगळ्या शिवारातली पाखरं मग त्या एकाच तुकड्यावर येऊन पडतात. ज्यानं पेरली त्याचं वाटोळं होतं, आणि पुढच्या साली तोही हरभरा पेरतो. हे गणित मला पुस्तकानं शिकवलं नाही. पेडगावच्या शिवारात, माझ्या मथुराकाकूच्या दोन एकरांत, मी ते एका हंगामात हाताला फोड आणून शिकले.

त्या हंगामाला आता बरीच वर्षं झाली. तरी जानेवारीतली थंडी पडली की तो आधी माझ्या कानांत येतो. पहाट फुटता फुटता बाभळींवरून भोरड्यांचा कालवा सुरू होतो. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं दुरून कुठून तरी थंडीपुरती येतात आणि शेकड्यांनी उठतात. त्या आधी ज्वारीच्या पात्यांवरचं दव टपटप खाली पडत असतं. चिकात आलेल्या कणसाला एक गोडसर, हिरवा वास असतो. वाट काढताना पाती हाताला कापतात आणि मानेवर कणसांची बारीक कूस बसते, ती दुपारपर्यंत खाजवत राहते. मला हे सगळं मनापासून आवडतं, खाजेसकट.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पदवी झाली होती, आणि नोकरी नव्हती. मी ड्रम वाजवायचे. कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमवाला आलाच नाही म्हणून मी बसले, आणि मग उठलेच नाही. गजानन गिटार वाजवायचा. तो देवगाव फाट्याकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. वर्षातले कित्येक महिने त्याचं घर कळपामागे फिरतं, आणि याचं गिटार खांद्याला. आम्हा दोघांच्या बँडला नाव नव्हतं. गाव 'डबडेवाले' म्हणायचं, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. आम्हाला रॉक वाजवायचं होतं. परभणीत राहून कामून, पुण्याला जाऊन वाजवा की, असं जो तो सांगायचा. मला ते ऐकून चीड यायची. इथल्या हवेत काय आवाज चालत नाहीत का, असं मी विचारायचे, आणि पुढचे दोन दिवस मुद्दाम जोरात वाजवायचे.

अल्बमची कल्पना अदिती आणि फैयाज यांची. दोघं चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेले, पण चित्र न काढणारे. अदिती नागपूरची, फैयाज परभणीचाच. त्यांचं म्हणणं असं, की कल्पना हीच कलाकृती. एक नियम ठरवायचा, तो पाळायचा, आणि त्यातून जे होईल ते गपगुमान मान्य करायचं. एकदा त्यांनी बाजारात एक रिकामं स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर कोण कोण बसतं ते आठवडाभर लिहून काढलं होतं. माझ्या आईनं हे ऐकून एवढंच विचारलं, की मग स्टूल शेवटी कुणी नेलं. नेलंच होतं कुणीतरी, आणि त्यांनी तेही लिहून ठेवलं होतं.

आमच्यासोबत अल्बम करायचा म्हणून त्यांनी जो नियम आणला तो असा: प्रत्येक वाद्यानं वाजताना काहीतरी खरं काम केलं पाहिजे. काम थांबलं की गाणं थांबलं. काम बिघडलं तर गाणं बाद. मी भडकले. हे बडवून काय उपयोग, असं घरचे मला जन्मभर विचारत आले होते, आणि आता हे कलावंतही उपयोगच विचारायला लागले होते. रागाच्या भरात मी म्हणाले, ड्रमचा उपयोग एकच, पाखरं उठवायचा, आमच्या काकूच्या ज्वारीतली. फैयाजनं चहाचा कप खाली ठेवला आणि अदितीकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडावर असं हसू आलं, की आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हाच कळलं.

काकूला राखणदाराची गरज होतीच. त्या वर्षी तिची आणि काकांची पैज लागली होती, आणि ती गमतीची नव्हती. काका म्हणत होते, दोन वर्षं पाखरांनी निम्मी ज्वारी नेली, आता पुरे. यंदाही गेली तर पुढच्या सालापासून हरभरा, आणि या रानात पुन्हा ज्वारीचं नाव काढायचं नाही. काकू हो म्हणाली होती. काकूला दुकानातलं पीठ पीठच वाटत नाही. आपल्या रानातल्या ज्वारीची भाकरी आणि दावणीला आपला कडबा, एवढ्यावर तिचा संसार उभा आहे असं ती मानते, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. आम्ही येऊन ड्रम वाजवून राखण करतो म्हटल्यावर तिनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "वाजवा. पर ज्वारी माझी हाय, येवढं ध्यानात ठिवा."

फैयाजनं लगेच नियमात भर घातली. रास झाल्यावर काकू 'राखण झाली' म्हणाली तरच अल्बम बाहेर येईल. नाही म्हणाली तर सगळं पुसून टाकायचं. गजानन मला बाजूला घेऊन म्हणाला, ही दोघं येडी हायेत. मीही तेच म्हणाले, आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला काकूचा माळा आधीपासून होताच. त्यावर ड्रमचा पूर्ण संच मावेना. स्नेअर हा चपटा ड्रम, टॉम हा छोटा ड्रम आणि एक झांज वर नेली, मोठा ड्रम खालीच राहिला. उरलेल्या जागेत तेलाचे रिकामे डबे आणि पन्हाळीचा एक पत्रा टांगला. गजाननच्या गिटारचा अँप्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. काकूनं रानभर जुन्या कॅसेटींच्या रिळा ताणून बांधल्या होत्या. वारा आला की त्या गुणगुणतात आणि पाखरं बिचकतात. कुठल्या कुठल्या लग्नांतली, सिनेमांतली गाणी त्या रिळांवर असतील, आता सगळ्या मिळून एकच सूर धरायच्या. गजानननं गिटार त्या सुराला लावलं. माइकवर वारा घुसू नये म्हणून काकूच्या जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले. हा आमचा स्टुडिओ, आणि मला याहून चांगला अजून मिळालेला नाही.

पहिले दोन दिवस आम्ही हवेत होतो. सूर्य उगवला की भोरड्यांचा ढग यायचा, मी एकदम सुरुवात करायचे, आणि तो ढग वळून माघारी फिरायचा. इतकं नीट ऐकणारे श्रोते मला कधीच मिळाले नव्हते. बांधावर शेजारपाजारचे जमायचे, हसायचे. एक म्हातारा रोज विचारायचा, नवरदेव कधी यायलाय. मी वरून त्याला रोज नवी तारीख सांगायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. गजाननला एक धून सापडली. साधी, चार सुरांची, रिळांच्या गुणगुणण्यातून वर आलेली. मी तिच्याखाली ठेका धरला. असा ठेका माझ्या हातून आधी कधी पडला नव्हता. एकही घाव इकडचा तिकडे झाला नाही. माझे डोळे मिटले. हात माझे राहिले नाहीत, आणि मला वाटलं, हेच, यासाठीच आपण सगळ्यांशी भांडलो. किती वेळ वाजवलं ते फैयाजनं नंतर सांगितलं, आठ मिनिटं. शेवटचा घाव मारून मी डोळे उघडले, तेव्हा पूर्वेच्या बांधाकडची ज्वारीची सगळी ताटं वाकलेली होती. एकेका कणसावर दोन दोन भोरड्या बसल्या होत्या आणि निवांत खात होत्या.

काकू विहिरीकडून धावत आली. गोफणीचे दोन धोंडे गेले तेव्हा पाखरं उठली. ती त्या ओळींतून चालत गेली, एक एक कणीस हातात धरून पाहत. कणसांचे नुसते सांगाडे राहिले होते. परत माळ्याखाली येऊन ती काही ओरडली वगैरे नाही.

"गाणं लय चांगलं झालं, वैशे," ती म्हणाली. "पाखरांनाबी आवडलं."

ते वाक्य मला आजही झोंबतं.

मग आमचं भांडण झालं. गजाननचं म्हणणं, असं गाणं पुन्हा होणार नाही, हे ठेवू. ऐकणाऱ्याला काय ठाऊक पाखरं बसली की उठली? त्याचं खोटं नव्हतं. फैयाज म्हणाला, काम बिघडलं, गाणं बाद, हे आधीच ठरलंय. अदिती लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून बाजूला झाली. गाणं पुसायचं बटण समोर होतं. मला त्या दोघांच्या नियमाचं काडीचं प्रेम नव्हतं. पण मी डोळे मिटून सुखात होते तेव्हा माझ्यासमोर माझ्या काकूची ज्वारी जात होती, आणि ते गाणं ऐकताना मला दर वेळी तेच दिसलं असतं. मी स्वतःच्या बोटानं ते पुसलं. गजानन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू माळ्यावर चढली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, तुझी चूक एकच, तू सारखं सारखं वाजवायलीस. मी म्हटलं, काकू, त्यालाच ठेका म्हणतात. तिनं माझ्या हातातली एक काठी घेतली, डब्यावर एकदा मारली आणि गप्प बसली. बराच वेळ काही नाही. मग दोनदा पत्र्यावर, मग तोंडानं एक लांब हाळी, मग पुन्हा काही नाही. एक थवा बांधापर्यंत येऊन घुटमळला आणि निघून गेला.

"पाखराला अंदाज आला का संपलं," ती म्हणाली. "त्येला वाटलं पायजे, ही बाई कधी काय करंल सांगता येत न्हाई."

मी आधी गणितानं गेले. पाचाचा गट, सातांचा, अकरांचा, उलटसुलट. दोन दिवस चाललं, मग पाखरांना तेही समजलं, कारण किती अवघड केलं तरी मी फिरून तिथंच येत होते. शेवटी मी काठ्यांकडे पाहणं सोडलं आणि पाखरांकडे पाहायला लागले. भोरडी बसण्याआधी एकदा मान कलती करते. तेवढ्या वेळात घाव पडला पाहिजे. राघू गुपचूप येतात, त्यांच्यासाठी गजाननचं गिटार किंचाळायचं. चिमण्या हट्टी, त्यांना लहान लहान आवाज सतत लागतात, पण दोन सारखे लागत नाहीत. असं करत करत एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी जे वाजवत होते ते मी कधीच कुठं ऐकलेलं नाही. कुणी शिकवलं नसतं आणि शिकवताही आलं नसतं. मला भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही खरं.

पुढचे तीन आठवडे तसेच गेले. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. काकू त्यांवर हळद लावायची आणि अजून वाजवायला सांगायची. दुपारी पाखरं सावलीला गेली की आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या धुरात भाजलेली कणसं काकू हातावर चोळायची, गरम हुरडा आमच्या ओंजळीत पडायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी. अदिती आणि फैयाज नियमावर वाद घालत खायचे. हुरडा खाल्ला तर राखणीचं काम बिघडलं का, हा त्यांचा दीड तास चाललेला वाद मी कधी विसरणार नाही. काकूनं तो मिटवला. म्हणाली, मालकीण खाऊ घालायलीय, गप खावा.

काढणी झाली, मळणी झाली, खळ्यात रास पडली. काका राशीभोवती एक फेरी मारून आले आणि कडेला जाऊन उभे राहिले. पूर्वेचा तुकडा गेला होता, बाकी सगळं पदरात पडलं होतं. आम्ही चौघं ओळीनं उभे, शाळेत निकालाला उभे राहतात तसे. काकूनं राशीत हात घातला, मूठभर ज्वारी वर काढली, फुंकली, आणि म्हणाली, राखण झाली. गजानन खाली बसला आणि रडायला लागला. मग मीही.

अल्बम आम्ही स्वतःच इंटरनेटवर टाकला, 'राखण' या नावानं. ऐकणारे थोडे. लिहिणारे त्याहून थोडे, पण त्यातल्या बहुतेकांचं एकच म्हणणं, ड्रम वाजवणाऱ्याला ताल कळत नाही. 'वाजवणाऱ्याला' असंच लिहायचे; बाई असेल ही शंकाही कुणाला आली नाही. मग मुंबईच्या एका कंपनीतून फोन आला. गृहस्थ गोड बोलत होते. कल्पना जबरदस्त आहे, म्हणाले, आपण काढू. फक्त ड्रम तेवढे कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ, ऐकणाऱ्याला पायानं ठेका धरता आला पाहिजे.

मी म्हटलं, "मग पाखरं बसतील."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्यांनी आणखीही सुचवलं, एखादी लोकगीताची ओळ घाला, एक धनगरी ढोल घ्या, आणि फोटोत गिटारवाल्याच्या खांद्यावर घोंगडं असलं तर छान दिसेल. मी फोन गजाननच्या हातात दिला. तो म्हणाला, "घोंगडं माझ्या बापाचं हाय. त्यो थंडीत पांघरतो त्ये." आणि फोन बंद केला. त्याला त्या वेळी कामाची किती गरज होती हे मला ठाऊक होतं, म्हणून सांगते.

मला त्या नकाराचा एकदाही पस्तावा झाला नाही. लोकांना आपल्याकडून काय हवं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. परभणीची पोरगी म्हटली की मातीचा वास हवा, डोळ्यांत पाणी हवं, आणि पाय हलवता येईल असा ठेका हवा. एकदा आपला अंदाज आला की लोक निवांत बसतात आणि आपल्याला टिपून खातात. लग्नाला उभी राहिले तेव्हाही मी हेच पाहिलं, नोकरीच्या मुलाखतींतही पाहिलं. वर्गात पोरं विचारतात, मॅडम, तुमचा ड्रमचा अल्बम वाकडातिकडा कामून आहे? मी त्यांना सांगते, तो बरोबर आहे, तुम्ही पुन्हा ऐका.

गजानन आता पुण्यात असतो, दरवर्षी जमत नाही त्याला. अदिती आणि फैयाज दुसऱ्या कुठल्या तरी नियमाच्या मागे आहेत. मी मात्र दर साली येते. काकूला गुडघ्यांमुळे आता माळा चढवत नाही.

पेडगावला उतरले तेव्हा दुपार कलत होती. रानाच्या वाटेला लागले आणि थबकले. समोरून मीच वाजत होते. तेच घाव, तीच थांबण्याची जागा, मध्येच काकूची ती लांब हाळी. जवळ गेले तर माळ्याच्या मेढीला काकांनी कर्णा बांधलेला, आणि खाली मोबाइल. पोरीला नोकरी आहे, दर साली कशाला बोलवायची, तिची रेकॉर्ड आहे की घरात, असं म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी ही सोय केली होती. अल्बम दिवसभर वाजत होता. आणि ज्वारी भोरड्यांनी भरलेली होती. काही तर कर्ण्यावरच बसल्या होत्या.

मी बघतच राहिले. ज्याच्यात एकाही माणसाला ताल सापडला नाही, तो सगळाच्या सगळा या पाखरांनी पाठ केला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं, की हसू आवरेना.

काका माळ्याखाली टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "दोन दिस उडाली. मंग तुझ्या वाजवण्यावरच बसायलेत. मशिनीला भीत न्हाईत ती." त्यांनी कर्णा सोडला, पोत्याखालचं स्नेअर काढलं, झटकलं, आणि माझ्या हातात दिलं. मी वर चढले.

बांधावर बसलेली काकू ओरडली, "इचार ह्यांना, म्होरच्या साली काय पेरायचं."

काकांनी वर माझ्याकडे पाहिलं. "ज्वारी," ते म्हणाले. "पर ही आली तरच."

मी येणार होतेच. मी काठ्या उचलल्या, एक भोरडी मान कलती करेपर्यंत थांबले, आणि घाव घातला. सगळं रान एकदम उठलं.